आरसी दुसऱ्याच्या नावावर, ट्रक आपल्या दारात: विम्याचा दावा कुणी करायचा?

इंदूरच्या सुदामानगरातील एका वाचकाने विचारले आहे: दहा महिन्यांपूर्वी देवासच्या ओळखीच्या माणसाकडून त्यांनी २०१५ सालचा टाटा ४०७ घेतला. ३,८५,००० रुपये चुकते केले आणि इंजिन, क्लचप्लेट, कमानीचे पाटे व पत्र्याचे काम मिळून आणखी १,७०,००० रुपये घातले. गाडीवर कर्ज होते. ‘थोडेच हप्ते उरलेत, तुमच्याच पैशांतून भरतो आणि एनओसी आणून देतो’ असे विकणारा म्हणाला होता. एनओसी (कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र) आजतागायत आलेली नाही, म्हणून आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) त्याच्याच नावावर आहे आणि विम्याचे नूतनीकरणही वाचकांनी त्याच्याच नावाने केले. मानपूरच्या पुढे घाटात गाडी उलटली, एका मोटारसायकलस्वाराचा पाय मोडला. वाचकांनी स्वतःच्या नावाने केलेला दावा विमा कंपनीने नाकारला. कारण दिले ते असे: ‘आपण विमेदार नाही, आणि विमेदाराने वाहन विकलेले असल्याने त्यालाही त्यात विमायोग्य हित उरलेले नाही.’ म्हणजे गाडीचे नुकसान झाले तरी त्याचे स्वतःचे काही बुडत नाही, असे कंपनीचे म्हणणे.

गावाचे आणि गाडीचे नाव बदलून हाच प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, म्हणून नावनोंदणीच्या मुदती येथे उगाळत नाही. कर्ज असलेली गाडी घेताना पैसे विकणाऱ्याच्या हातात न देता कर्जाची बाकी थेट फायनान्स कंपनीत भरायची, पावती घ्यायची आणि उरलेली रक्कम एनओसी हातात पडल्यावरच द्यायची, हे पावणेचार लाखांचा व्यवहार करणाऱ्याला सांगावे लागू नये. आपण ते केले नाही. शिवाय एनओसी नाही हे ठाऊक असताना दुरुस्तीवर पावणेदोन लाख घातले.

आता मुद्द्याकडे येऊ. आपल्या प्रकरणाचा निकाल एकाच गोष्टीवर लागणार आहे: अपघाताच्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने मालक कोण होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २ च्या पोटकलम (३०) नुसार ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक, आणि वाहन कर्जाने तारण असेल तर त्या कर्जाच्या करारान्वये ज्याच्या ताब्यात ते असेल तो, म्हणजे कर्जदार, मालक. कलम ५१ असे सांगते की, तारण असलेल्या वाहनाच्या हस्तांतराची नोंद कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय होऊ शकत नाही. ही संमती आपल्याकडे कधीच नव्हती. म्हणजे नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात आपण कितीही खेपा घातल्या असत्या तरी गाडी आपल्या नावावर झाली नसती, आणि कागदोपत्री मालक देवासचे गृहस्थच राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे ठरवले की विक्री झाली तरी नोंदणी बदललेली नसेल तर अपघातग्रस्ताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते. जून २०२० मध्ये त्याच न्यायालयाने याच विचाराची दुसरी बाजू एका मालवाहू ट्रकच्या प्रकरणात मान्य केली. त्या ट्रकच्या विक्रीचा करार होऊन काही वर्षे लोटली होती, परंतु कर्ज देणाऱ्याची संमती नव्हती आणि नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर होती; न्यायालयाने विमा कंपनीची ‘वाहन विकले गेले’ ही सबब फेटाळून मूळ मालकाचा दावा मान्य केला. जी दिरंगाई एरवी खरेदीदाराच्या मुळावर येते, तीच आपल्याला या एका ठिकाणी उपयोगी पडू शकते. मात्र दावा आपला नव्हे, तो विकणाऱ्याचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा खरेदीदाराकडे आपोआप जात नाही, हे नव्वदच्या दशकापासून पक्के झालेले आहे. कलम १५७ मधील आपोआप हस्तांतर तिऱ्हाइताच्या (थर्ड पार्टी) जोखमीपुरतेच आहे. त्यामुळे आपल्या नावाने केलेला दावा फेटाळला गेला यात मला नवल वाटत नाही. कंपनीच्या पत्राचा दुसरा अर्धा भाग मात्र आव्हान देण्याजोगा आहे.

म्हणून आरसीबाबत आता घाई करू नका. सह्या करून तारीख कोरी ठेवलेले फॉर्म २९ आणि ३० (मालकी हस्तांतराचे आरटीओचे फॉर्म) आपल्याकडे असतील, तर त्यांवर आज कुठलीही तारीख घालू नका. मागची तर मुळीच नको. एजंट ‘आधी नावावर करून घ्या, मग बघू’ असे सांगेल. तसे केले तर आपल्या हातातील एकमेव मुद्दा निघून जाईल, आणि मागची तारीख घातली तर बनावट दस्तऐवजाचा आरोप अंगावर येईल.

पहिले काम देवासला जाणे. विकणाऱ्याने स्वतःच्या नावाने दाव्याच्या फेरविचाराचा अर्ज विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्यावा. त्यात ताबा आपल्याकडे होता आणि पैसे मिळाले होते हे स्पष्ट लिहावे, कारण नुकसान पाहायला आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरला आपण ते आधीच सांगितले असणार आणि विम्यात लपवाछपवी उघडी पडली की चांगला दावाही बुडतो. अर्ज जाण्यापूर्वी आपल्या दोघांत स्टँप पेपरवर लेखी करार व्हावा: मंजूर होणाऱ्या रकमेतून आधी कर्जाची बाकी भागेल आणि उरलेली रक्कम आपल्याला मिळेल. पॉलिसीवर फायनान्स कंपनीचे नाव असेल तर पैसे आधी तिकडेच वळतील. त्यामुळे कर्जाचा उतारा आजच मागवा. गृहस्थ टाळाटाळ करू लागले तर त्यांना आठवण द्या की मोटारसायकलस्वाराचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल झाला की नोटीस त्यांच्याच नावाने निघणार आहे. तेथे विमा कंपनीला बहुधा भरपाई द्यावी लागेल. तरी नोटीस येताच वकील लावा, गैरहजर राहू नका.

आपली बाजू कमकुवत होऊ शकते अशी दोन ठिकाणे मला दिसतात. विक्रीच्या कागदात ‘आजपासून सर्व हक्क खरेदीदाराचे’ असे वाक्य असेल तर कंपनी त्यावर बोट ठेवील, आणि ग्राहक आयोग काय म्हणेल याची खात्री मी देत नाही. दुसरी गोष्ट, आपण पाठवलेल्या गॅरेजच्या बिलात एक ओळ ‘हाफ इंजिन, जुने’ अशी आहे. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) दुसऱ्या गाडीचा बसवला असेल तर इंजिन क्रमांक आरसीशी जुळणार नाही, आणि कलम ५२ प्रमाणे अशा बदलाची नोंद व्हायला हवी होती. मिस्त्रीला विचारून ब्लॉकवरचा क्रमांक स्वतः पाहा, त्याचा फोटो काढून ठेवा. नुसते लायनर, पिस्टन आणि क्रँकचे काम असेल तर प्रश्न नाही. फिटनेस प्रमाणपत्र अपघाताच्या दिवशी चालू होते का, हेही पाहा. आठ वर्षांवरील व्यावसायिक गाडीला ते दरवर्षी लागते. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना आहे म्हणून घाबरू नका: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी तो पुरेसा मानला आहे.

पैशाची अपेक्षाही आवरती घ्या. दुरुस्तीवर घातलेल्या १,७०,००० रुपयांनी गाडीचे विम्यातील मूल्य वाढत नाही. पॉलिसीवर लिहिलेला आयडीव्ही (गाडीचे विम्यासाठी ठरवलेले मूल्य) हीच कमाल मर्यादा. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घट धरली जाते, रबर आणि प्लॅस्टिकवरही तेवढीच. बंपर, बॉनेट, दिवे व रंगकाम व्यावसायिक गाडीच्या पॉलिसीत बहुधा जादा हप्ता भरल्याशिवाय येत नाही. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर मात्र ‘संपूर्ण हानी’ धरून हिशेब होतो. तोवर सांगाडा भंगारवाल्याला देऊ नका.

फेरविचारही फेटाळला गेला तर विकणाऱ्याच्या नावाने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करावी लागेल. ती देवासला करता येईल. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती मी दावा नाकारल्याच्या पहिल्या पत्रापासून मोजेन, फेरविचाराच्या उत्तरापासून नव्हे. मालवाहू गाडी म्हणजे व्यवसाय, म्हणून आपण ग्राहक नाही, असा आक्षेप कंपनी घेईल. नुकसान भरून घेण्यासाठी घेतलेला विमा हा नफ्याचा व्यवहार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलेले असल्याने त्याची मला चिंता वाटत नाही. तक्रारीचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत लागावा, असे ग्राहक संरक्षण कायद्याने म्हटले आहे. तसे होत नाही, हे आयोगाच्या वऱ्हांड्यात एक दुपार बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आपण वर्षांचाच हिशेब धरा. विकणाऱ्याने करारावर सही करण्यास सरळ नकार दिला तर त्याच्याविरुद्ध दिवाणी दावा उरतो. त्याची मुदत तीन वर्षांची, आणि आपले दहा महिने त्यातून आधीच गेलेले आहेत.