मित्र वाईट नाहीत, तरी मी का घसरतोय?

“माझे मित्र वाईट नाहीत हो. पण त्यांच्यात राहून मी घसरत चाललोय. मैत्री तोडू का?” आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या १९ वर्षांच्या एका मुलाने पहिल्याच भेटीत हे विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रोजची जागरणं, बुडालेले सकाळचे तास, राहिलेले दोन विषय. घरून एकच धोशा होता, ती संगत सोड.

हा सल्ला आम्ही सहसा देत नाही. सगळ्यांना एका झटक्यात सोडलं की हाती एकटेपणा उरतो. मग माणूस महिन्याभरात तिथेच परततो, आणि आधीपेक्षा जास्त मिंधा होऊन. अपवाद मात्र पक्का आहे. मारहाण, धमकी, नशेची बळजबरी किंवा गुपित फोडण्याची भीती असेल तर हळूहळू वगैरे काही नाही. त्याच दिवशी लांब व्हायचं आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं.

इथे तसं काही नव्हतं. म्हणून त्याला १४ दिवस वही ठेवायला सांगितली. प्रत्येक भेटीनंतर चारच गोष्टी लिहायच्या: कोण कोण होतं, काय ठरवून गेलो, प्रत्यक्षात काय झालं, परतल्यावर कसं वाटलं. पहिला आठवडा वायाच गेला, कारण त्याने सातही दिवसांचं रविवारी बसून लिहिलं. मागाहून आठवताना मजा तेवढी आठवते, दुसऱ्या दिवशीचं जड डोकं आठवत नाही. नोंद त्याच रात्री झाली तरच कामाची.

दुसऱ्या आठवड्यातल्या या दोन नोंदी.

“मंगळवार. चौघे. नऊला निघायचं ठरवलं होतं, पावणेएकला आलो. निघतो म्हटलं तर ‘आला मोठा अभ्यासू’ म्हणून हसले. स्वतःचाच राग आला.”

“गुरुवार. तो आणि मी, दोघंच. दोन तास. अडलेली तीन गणितं त्याने समजावली. बरं वाटलं.”

मंगळवारी सगळ्यांत मोठ्याने हसणारा आणि गुरुवारी गणितं समजावणारा मुलगा एकच होता. हे वहीत समोरासमोर दिसल्यावर ‘मैत्री तोडू का’ हा प्रश्नच बदलला. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ होता. सोबती हजर असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकटं असतानापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. १८ ते २२ वयोगटातही फरक होता, २४ च्या पुढच्यांत तो दिसला नाही. म्हणजे माणसं निवडायची तशी ती कोणासोबत, किती जण असताना भेटायची हेही निवडावं लागतं.

मग ठरलं ते असं. चौघांची बैठक आठवड्यातून एकदाच, त्या मित्राला एकट्याला दोनदा. निघायची वेळ पोचल्या पोचल्या सांगून टाकायची, “आज मी नऊला निघणार.” निघताना सांगितलं की घासाघीस सुरू होते, “दहा मिनिटं रे!” कारण द्यायचं नाही, कारण दिलं की ते खोडता येतं. आणि मुद्दाम एक लहानसा नकार देऊन पाहायचा. थोडी चेष्टा करून विषय सोडणारा मित्र चालतो. चार दिवस अबोला धरणारा किंवा इतरांपुढे पाणउतारा करणारा जवळ ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मोकळ्या झालेल्या संध्याकाळी भरायलाच हव्यात, नाहीतर पाय आपोआप जुन्या वाटेला लागतात. तो आठवड्यातून दोनदा, तासभर पोहायला जाऊ लागला. सहा आठवड्यांनी कुरकुर सुरू झाली, “तिथे कोणाशी जमतच नाही.” अमेरिकी संशोधक जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार ओळखीच्या माणसाशी साधी मैत्री व्हायलाच सुमारे ५० तास सोबत लागते, जिवलग व्हायला २०० हून जास्त. त्याचे भरले होते १२. पोहून झाल्यावर लगेच न पळता अर्धा तास थांबायचं, एवढीच भर घातली.

पुढे चौघांतल्या एकाने त्याला फोन करणंच बंद केलं. त्याला ते फार लागलं. लागणारच, तीन वर्षांची मैत्री होती. त्या भेटीत वही उघडलीच नाही. तो त्या मित्राबद्दल बोलत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो.