बाळाला पाणी काहून देत नाही?

"मॅडम, एवढा उन्हाळा. लेकरू लघवी नाही करून राह्यलं, अन् तुमी त्याचं पाणीच तोडलं. काहून?"

नवजात कक्षाच्या दारात आजीनं मला अडवलं तेव्हा मे महिना होता, बाहेर पारा ४५ला टेकलेला. अमरावती जिल्ह्यातलं संत्रा बागायतदार कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. कळा लांबल्या, बाळ जन्मताच रडलं नाही, मास्क लावून श्वास द्यावा लागला आणि १०८ नं ते आमच्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी बाळाच्या वडिलांच्या हातात रिपोर्ट पडला: क्रिएटिनिन (मूत्रपिंडानं गाळून टाकायचा रक्तातला कचरा) १.९, सोडियम १२२. फोनवर कुणीतरी सांगून टाकलं, किडनी फेल, आता जन्मभर डायलिसिस.

हा शब्द ऐकून आलेल्या माणसाला आधी मी खाली बसवते. वडिलांना विचारलं, विहिरीला पाणी कमी पडलं की काय करता? म्हणाले, "आधी घरचं अन् ढोराईचं. बाग मागून." बाळाचं शरीरही तेच करतं. प्राणवायू कमी पडला की रक्त आधी मेंदूला आणि हृदयाला जातं. मूत्रपिंडाचा वाटा कापला जातो. ते दुखावतं, लघवी कमी होते. पण वेळेत पाणी मिळालेली बाग जशी पुन्हा धरते, तशी बहुतेक बाळांची मूत्रपिंडं काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत सावरतात. डायलिसिस फार थोड्यांना लागतं.

मग सोडियम. वडील म्हणाले, मीठ कमी आहे तर सलाईनमधून द्या ना. मी ताकाचं उदाहरण दिलं: मीठ तेवढंच ठेवून पाणी वाढवलं की ताक अळणी लागतं. या बाळांचं बऱ्याचदा असंच होतं. लघवी होत नाही, पाणी अंगात साठतं, सोडियम १३५ च्या बरंच खाली येतं. त्यात चमचाभर पाणी पाजणं म्हणजे झटक्यांना बोलावणं. आजीचा हात तेव्हा पदराआडच्या वाटीवर होता. तिनं ती हळूच पिशवीत ठेवली.

पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, कॅल्शियम उतरलं तरी झटके येतात. म्हणून इवल्याशा टाचेतून पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागतं. ते बघणं आईला फार जड जातं, मलाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी आजीला आत बोलावलं. कोरा लंगोट काट्यावर ठेवला, मग ओला. फरक ९ ग्रॅम, म्हणजे साधारण ९ मिली लघवी. पावणेतीन किलोच्या बाळाला तासाला किमान किलोमागे १ मिली, म्हणजे दिवसाला ६५-७० मिली तरी हवी. आदल्या दिवशी सगळी मिळून २२ झाली होती. बाळाचं वजनही रोज होतं, कारण अंगात पाणी साठतंय हे वजनातूनच आधी कळतं.

क्रिएटिनिनच्या एका आकड्यावर रडू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यात आईच्याच रक्ताचा आकडा मिसळलेला असतो. तो चढतोय की उतरतोय, हे बघायचं. या बाळाचा पाचव्या दिवशी १.६ झाला, नवव्या दिवशी ०.८.

मेंदूबद्दल मात्र मी खोटा धीर दिला नाही. मूत्रपिंड सावरलं म्हणजे मेंदूही सावरला, असं नसतं. मान धरणं, बघणं, बसणं यासाठी तपासणीला यावंच लागेल, हे आईचा हात हातात घेऊन सांगितलं. ती रडली, मी थांबले.

घरी जाताना बजावलं: सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणी नाही, घुटी नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही औषध नाही. लघवी कमी झाली, अंगावर सूज आली, बाळ सुस्त पडलं किंवा झटका आला तर लगेच दवाखाना.

सहाव्या आठवड्यात रक्तदाब आणि क्रिएटिनिन तपासायला आले. आजीनं पिशवीतून घडी केलेलं कॅलेंडर काढलं. रोजच्या चौकोनात पेनाच्या रेघा, ओल्या लंगोटामागे एक. कुठे सहा, कुठे आठ. एका चौकोनात चारच होत्या, त्यावर बोट ठेवून म्हणाली, "या दिवशी मी आशाताईले बोलावलं होतं."