हान्सच्या घोड्यापासून सुरुवात कर

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण दोनदा वाचले. फ्रॉइड, ॲडलर, हॉर्नी, क्लाईन, विनिकॉट आणि एरिक्सन या सहा मनोविश्लेषकांसाठी तू सहा रकाने आखले आहेस आणि प्रत्येक रकान्यात विकासाच्या अवस्था, मुख्य संघर्ष आणि आक्षेप नीट भरले आहेत. त्यात चुकीचे फारसे काही नाही. तरीही हे प्रकरण असेच पुढे पाठवू नये असे मला वाटते, कारण तो तक्ता पाहताना हे सहाही जण एकाच मुलाकडे एकाच जागेवरून पाहत होते असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. व्यक्तिमत्त्व कसे घडते याविषयीच्या मनोविश्लेषणातील मतभेदांचा मोठा भाग, कोणी कोणाला, कोणत्या वयात आणि कोणत्या परिस्थितीत पाहिले, यातूनच उपजलेला आहे.

फ्रॉइड यांच्यासमोर व्हिएन्नातील कोचावर पडून बोलणारी प्रौढ माणसे होती. १९०५ मध्ये त्यांनी बालपणीच्या लैंगिकतेची मांडणी केली तेव्हा त्यांच्या हाती मुख्यतः या प्रौढांची स्वप्ने, लक्षणे आणि अर्धवट आठवणी होत्या. म्हणजे त्यांचे 'मूल' हे मोठ्या माणसाच्या बोलण्यातून मागे जात जात उभे केलेले मूल आहे. मेलनी क्लाईन यांनी मुलांनाच खोलीत घेतले, त्यांच्यापुढे छोटी लाकडी माणसे, गाड्या, प्राणी ठेवले आणि ती काय मोडतात, काय लपवतात, काय पुन्हा जोडू पाहतात हे पाहिले. त्यांच्या एका बालरुग्णाचे वय पावणेतीन वर्षे होते. इतक्या लहान मुलाच्या खेळात त्यांना एवढा राग आणि त्या रागाची एवढी भीती दिसली की संघर्षाचा आरंभ त्यांनी आयुष्याच्या पहिल्याच वर्षात नेऊन ठेवला. विनिकॉट मुळात बालरोगतज्ज्ञ होते आणि सुमारे चाळीस वर्षे लंडनमधील पॅडिंग्टन ग्रीनच्या बालरुग्णालयात त्यांच्यासमोर येणारे तान्हे मूल बहुधा आईच्या मांडीवर असे. टेबलाच्या कडेला ते जीभ तपासण्याची चकचकीत पट्टी ठेवत आणि मूल तिच्याकडे हात नेते का, मध्येच थबकून आईकडे व डॉक्टरांकडे पाहते का, मग ती तोंडात घालते का, हे धीराने पाहत. आईपासून वेगळे काढलेले 'बाळ' असे काही नसतेच, हे त्यांचे म्हणणे त्या मांडीवरून आलेले आहे.

आता तुलना कशी करावी, हा तुझा खरा प्रश्न. माझा सल्ला असा, की एकच मूल घे आणि त्याला या सगळ्यांच्या हाती देऊन पाहा. ते मूल म्हणजे फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये ज्याची हकीकत प्रसिद्ध केली तो पाच वर्षांचा 'छोटा हान्स'.

घोडा चावेल या भीतीने हान्स रस्त्यावर जाईनासा झाला होता. बसगाडीचा घोडा पडताना त्याने पाहिला होता. घोड्याच्या तोंडाभोवतीचे काळे आणि डोळ्यांवरच्या झापडा यांचा त्याला विशेष धसका होता. फ्रॉइड यांनी त्यात वडिलांच्या मिशा आणि चष्मा पाहिला: आई आपल्यालाच हवी, वडील वाटेतून दूर व्हावेत, आणि या इच्छेबद्दल वडील शिक्षा करतील, हे सारे घोड्यावर लादले गेले, असा त्यांचा अर्थ. ईडिपस गंडाचा, म्हणजे आईची ओढ आणि वडिलांशी स्पर्धा या गुंत्याचा, हा त्यांचा सर्वांत आवडता पुरावा होता. पण हे विसरू नकोस, की उपचार वडिलांनी केले, टिपणे वडिलांनी लिहिली आणि उपचारांच्या काळात फ्रॉइड स्वतः हान्सला एकदाच भेटले. जो सिद्धांत सिद्ध व्हायचा होता, तो ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून होता.

याच टिपणांत आणखी एक धागा आहे. भीती उद्भवण्याच्या सुमारास हान्स एका सकाळी रडत उठला, कारण आई निघून गेली असे त्याला झोपेत वाटले होते. आणि पुढे त्याने वडिलांना सांगितले, की आपण परत येणार नाही असे आई म्हणाली होती. आई-मुलाच्या जिव्हाळ्याच्या बंधाचा अभ्यास करणारे मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९७३ मध्ये हीच वाक्ये उचलून दाखवली आणि घोड्यामागे वडिलांचा धाक नसून आई सोडून जाईल ही धास्ती आहे, असे मांडले. तुझ्या तक्त्यात बोल्बी नाहीत. त्यांना जागा दे. क्लाईन यांच्या दृष्टीने पाहिले तर चावणारा घोडा म्हणजे मुलाचा स्वतःचाच चावरा राग उलटून आलेला असेल. एरिक्सन यांनी मांडलेल्या आयुष्यभराच्या विकासाच्या आठ टप्प्यांत हान्स तिसऱ्या टप्प्यावर उभा आहे, जिथे पुढाकार आणि अपराधभाव यांची झटापट असते, आणि मग त्याची अखंड प्रश्न विचारण्याची ओढही लक्षणाइतकीच महत्त्वाची ठरते. मला स्वतःला बोल्बींचे वाचन अधिक पटते, पण त्यांच्या वाचनात हान्सचा मत्सर आणि कुतूहल फिके पडते, हेही तू लिहायला हवेस.

ॲडलर यांच्याबद्दल थोडेच सांगते. 'न्यूनगंड' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की तो आपल्याला समजला आहे असे आपण गृहीत धरतो. ॲडलर यांच्या लेखी उणेपणाची भावना हा आजार नाही. ती प्रत्येक लहान मुलाची स्थिती आहे आणि वाढीची प्रेरणाही तीच आहे. ती गोठून बसली, की मग गंड होतो. कॅरन हॉर्नी यांनी फ्रॉइड यांच्या स्त्रीविषयक मांडणीला जो विरोध केला, तो मात्र विस्ताराने लिही: स्त्रीला पुरुषाच्या शरीराचा हेवा नसून समाजाने त्याला दिलेल्या स्थानाचा हेवा वाटतो, हे त्यांचे उत्तर केवळ आक्षेप नाही, तर संस्कृतीला विकासाच्या सिद्धांतात आणण्याचा तो दरवाजा आहे.

त्याच दरवाजातून आपल्याकडे ये. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि आपल्या भारतीय रुग्णांत छेदनभय, म्हणजे लिंग कापले जाण्याची भीती, युरोपीय रुग्णांइतके ठळक दिसत नाही, असे थेट फ्रॉइड यांना कळवले. एरिक्सन यांच्या सहवासात घडलेले आणि पुढे गोव्यात स्थायिक झालेले मनोविश्लेषक सुधीर कक्कड यांनी १९७८ मध्ये लिहिले, की भारतीय मुलगा दीर्घकाळ आईच्या निकट राहतो आणि चार-पाच वर्षांच्या सुमारास एकाएकी पुरुषांच्या जगात ढकलला जातो. तो धक्का म्हणजे जणू दुसरा जन्म. हे वाचताना कोणत्या घरांतील मुलगे आणि मुलीचे काय, हे दोन प्रश्न समासात लिहून ठेव.

शेवटी एक तपशील, जो तुझ्या प्रकरणात अजिबात आलेला नाही. १९२२ मध्ये एकोणीस वर्षांचा धडधाकट हान्स फ्रॉइड यांना भेटायला आला. स्वतःची हकीकत वाचताना त्याला आपण ओळखूच आलो नाही, जवळजवळ काहीच आठवले नाही. दरम्यान आईवडील विभक्त होऊन दोघांनीही पुन्हा लग्ने केली होती, आणि घर मोडल्यामुळे लाडक्या धाकट्या बहिणीपासून दुरावलो, एवढीच खंत त्याने बोलून दाखवली. फ्रॉइड यांनी हे हकीकतीला जोडलेल्या पुरवणीत प्रामाणिकपणे नोंदवले आहे. ती पुरवणी आधी वाच, मग बोल्बी पुन्हा वाच, आणि नवा खर्डा महिन्याअखेर मला पाठव.

तुझी,
शिक्षिका