गाय सातव्या महिन्यात गाभडली, वार हाताने काढली, आता पुढे काय?

प्रश्न: पाच संकरित गायी आहेत. दिवाळीच्या सुमारास एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती, ती घरीच ओढून काढली. आता दुसरीही आठव्यात गाभडली. पहिली बाजारात विकून टाकावी का? दूध घरात वापरलं तर चालेल का? आईला महिनाभर ताप येतो-जातो, सांधे धरलेत. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? गोठ्यात सात महिन्यांची एक कालवडही आहे.

उत्तर: आईंचं आधी बघू, बाकीचं त्यानंतर. संबंध असू शकतो. त्यांना उद्याच दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा, की घरी जनावरं आहेत, दोन गायी गाभडल्या, वार हाताने काढली. हे सांगितलं नाही तर टायफॉइड, मलेरिया, संधिवात असं करत महिने जातात. ब्रुसेला या जनावरांपासून माणसाला लागणाऱ्या जंतूचा ताप असेल तर रक्ततपासणीत कळतो आणि औषधाने बरा होतो. फक्त गोळ्या साधारण सहा आठवडे न चुकता घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या तर ताप उलटतो. वार कोणी ओढली हे तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक घरांत हे काम बायकांच्याच वाट्याला येतं.

लागोपाठ दोन गायी पाचव्या महिन्यानंतर गाभडल्या म्हणजे पहिला संशय सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजेच ब्रुसेलोसिसचा. आपल्याकडे अजून 'पाय घसरला असेल', 'चारा बाधला' असंच म्हटलं जातं. डेन्मार्कचे पशुवैद्यक बर्नहार्ड बँग यांनी 1897 साली याचा छडा लावला. गाभडण्याच्या बेतात असलेली एक गाय त्यांनी मिळवली, ती मारून गर्भाशय उघडलं. अस्तर आणि वार यांच्यामध्ये वास नसलेला स्राव साचलेला होता आणि त्यात बारीक जंतूंची नुसती गर्दी होती. वास नसलेला, हे ध्यानात ठेवा. वार कुजलेली नाही, घाण येत नाही, म्हणून आपण बिनघोर हात घालतो. पुढे 1918 मध्ये अमेरिकेच्या अॅलिस इव्हान्स यांनी दाखवलं, की माल्टा बेटावर सैनिकांचा जीव घेणाऱ्या तापाचा जंतू आणि बँग यांचा जंतू एकमेकांचे सख्खे भाऊबंद आहेत. गायीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो आणि हा जंतू त्यावर पोसतो. म्हणून गाभडलेल्या गायीची वार, गर्भ आणि अंगावरून जाणारा स्राव या तिन्हींत जंतू ठासून भरलेले असतात.

नोकरीच्या सुरुवातीला मीही उघड्या हातांनी वारा काढल्या आहेत. आज खांद्यापर्यंतचे हातमोजे घातल्याशिवाय जनावराला हात लावत नाही. तुम्ही तर वार ओढूच नका, डॉक्टरांना बोलवा. पडलेली वार आणि गर्भ उकिरड्यावर टाकला, की कुत्री ती ओढत दुसऱ्याच्या बांधावर नेतात. चार फूट खड्डा घ्या, वर-खाली कळीचा चुना घाला, माती घट्ट दाबा. खालचं गवत जाळून टाका. गोठा फिनाईलने धुवा आणि ऊन आत येऊ द्या. उन्हात हा जंतू काही तासांत मरतो, पण ओलसर सावलीत महिनोन्महिने तग धरतो.

आता विकण्याचं. कृपा करून विकू नका. अशी गाय बहुधा एकदाच गाभडते, पुढच्या वेळी वासरू पूर्ण दिवसांचंही होतं, आणि घेणाऱ्याला वाटतं गाय चांगली आहे. पण दर विताना ती जंतू सांडत राहते. तुमचं नुकसान तिथे संपत नाही, फक्त दुसऱ्याच्या दावणीला जाऊन बांधलं जातं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाचही गायींचे रक्तनमुने तपासायला पाठवा. गाभडल्यावर लगेच घेतलेला नमुना कधी कधी निर्दोष येतो, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्या. गाभडण्याला दुसरी कारणंही असतात, त्यामुळे अहवाल येईपर्यंत नक्की धरून चालू नका. मात्र दोन्ही गायी आजपासून वेगळ्या बांधा, विताना तर वेगळ्याच हव्यात. गावचा वळू लावू नका, कृत्रिम रेतनच करा.

दूध उकळी आणून प्या, उकळीत जंतू मरतो. धारोष्ण दूध आणि कच्चा चीक बंद. खरवस नीट शिजवलेला असेल तर हरकत नाही.

बाधित जनावराला औषधाने बरं करण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. परदेशात अशी जनावरं कापून रोग हटवला. आपल्याकडे गायीच्या बाबतीत तो मार्ग नाही, म्हणून सगळी भिस्त लसीवर. 1923 मध्ये बक या अमेरिकन संशोधकाने जर्सी गायीच्या दुधातून काढलेला जंतू वर्षाहून जास्त काळ नुसता टेबलावर राहिला आणि सौम्य झाला. स्ट्रेन 19 ही लस त्यातूनच आली. ती फक्त मादी वासरांना, वयाच्या 4 ते 8 महिन्यांत, आयुष्यात एकदाच टोचतात. नर वासराला किंवा गाभण गायीला ती देत नाहीत. लस जिवंत जंतूंची असल्याने सुई स्वतःला लागली तर माणसालाही बाधते. घरी आणून टोचू नका. 2019 पासून केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे.

तुमची कालवड सात महिन्यांची आहे, म्हणजे हातात जेमतेम महिना उरला आहे. उद्या आईंना दवाखान्यात नेताना वाटेत पशुवैद्यकीय दवाखान्यातही थांबा, कालवडीचा कानातल्या बिल्ल्याचा नंबर द्या आणि लसीची तारीख घेऊनच घरी या.