यूपीएस घेताना व्हीए बघू नका, वॅट बघा

प्रश्न : माझा साधा डेस्कटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आत ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आहे. लाईट गेली की मशीन धाडकन बंद होतं, परवा टाइप केलेली अख्खी फाइल गेली. ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल का १००० चा घेऊ? अर्धा-पाऊण तास तरी काम करता यायला हवं.

उत्तर : सगळा घोळ त्या व्हीएमध्येच (व्होल्ट गुणिले अँपिअर) आहे बघा. खोक्यावर मोठ्या अक्षरात व्हीए छापतात आणि कामाचा आकडा, म्हणजे वॅट, कुठेतरी मागे बारीक अक्षरात असतो. ६०० व्हीएवाला छोटा यूपीएस बऱ्याचदा ३६० वॅटच देतो, काही मॉडेल त्याहून कमी, त्यामुळे विकत घेताना वॅट किती ते स्वतः वाचा, कोणी तोंडी सांगितलेलं धरू नका. दुसरं, तुमचा एसएमपीएस ४५० वॅटचा आहे म्हणजे मशीन कायम ४५० वॅट खातं असं नाही, ती त्याची कमाल ताकद झाली. कार्ड नसलेलं मशीन टायपिंग, ब्राउझिंगला साधारण ५० ते १०० वॅट घेतं, मॉनिटरचे अजून २०-३० धरा. म्हणजे ६०० व्हीए तुम्हाला आरामात पुरतो. गेमिंगचं कार्ड असतं तर गोष्ट वेगळी, मोठं कार्ड एकटंच २००-३०० वॅट ओढतं, त्याला १००० व्हीए किंवा वरचाच लागला असता, आणि तिथेही वॅटमध्ये पाव हिस्सा तरी मोकळा ठेवायचा.

आता अर्ध्या-पाऊण तासाचं. छोट्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) एकच बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॅट-तास, म्हणजे १२० वॅटच्या लोडवर कागदावर ४० मिनिटं दिसतात, पण तो ७ एएचचा आकडा २० तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळणारा आहे, भरभर ओढली की शिशाची बॅटरी बरंच कमी देते, शिवाय डीसीचं एसी करताना थोडी वीज वाया जाते. त्यामुळे नवी असताना १५-२० मिनिटं मिळाली तर चांगली समजा, आणि वर्षागणिक ती कमीच होणार. तासभर काम करायचं असेल तर मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर बघावा लागेल (कॉम्प्युटर चालवायचा तर त्यावर यूपीएस मोड हवाच). यूपीएसकडून मागायचं ते एवढंच, फाइल सेव्ह व्हावी आणि मशीन नीट बंद व्हावं.

आणि ते तुम्ही खुर्चीत नसतानाही व्हायला हवं, यावर माझा फार जोर आहे. यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या आणि सोबतची केबल खरंच मशीनला जोडा, बरेच जण ती खोक्यातच ठेवून देतात. जोडली की विंडोजला बहुतेक यूपीएस लॅपटॉपच्या बॅटरीसारखा दिसतो, पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बॅटरी अमुक टक्क्यांवर आली की शटडाउन असं ठरवता येतं, काही कंपन्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं. लिनक्सवर नट (NUT) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. अगदी स्वस्त मॉडेलला हा पोर्टच नसतो, तिथे पैसे वाचवू नका.

प्रश्न : नवा, महागातला पॉवर सप्लाय बसवल्यापासून यूपीएस असूनही लाईट गेली की पीसी रीस्टार्ट होतो. आधीच्या जुन्या एसएमपीएसवर व्यवस्थित चालायचा. यूपीएस खराब झाला का?

उत्तर : तसंच असेल असं नाही. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज लहरीबरोबर सुरळीत ओढणारं सर्किट) असतं, आणि साधे यूपीएस बॅटरीवर गेले की पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत, खरी साइन वेव्ह नाही. काही सप्लायना ती चालते, काही अडखळून बंद पडतात. पण आधी बॅटरी तपासा. पीसी काढून साधारण तेवढ्याच वॅटचे साधे बल्ब लावा आणि भिंतीवरचं बटन बंद करा. बल्बही लगेच विझले तर बॅटरी गेली किंवा लोड जास्त होतोय. ते नीट चालू राहिले आणि पीसी मात्र दरवेळी पडतोय, तर लहरीचा संशय घ्या, मग प्युअर साइन वेव्हवालाच घ्यावा लागेल, महाग पडतो पण दुसरा इलाज नाही. बॅटरीवर जायला लागणाऱ्या ४ ते १० मिलिसेकंदांची काळजी नको, तेवढा वेळ चांगला सप्लाय सहज तग धरतो.

प्रश्न : प्रिंटर आणि राउटर यूपीएसवर लावले तर चालेल?

उत्तर : राउटर जरूर लावा, जेमतेम १० वॅट घेतो. लेझर प्रिंटर अजिबात नाही! त्यातला हीटर चालू होताना एकदम शेकडो वॅट ओढतो, यूपीएस ओव्हरलोड होऊन पीसीसकट बंद पडेल.

प्रश्न : दोन वर्षांतच बॅटरी गेली. माझं काय चुकतंय?

उत्तर : यूपीएस ठेवलाय कुठे ते बघा. टेबलाखालच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटवून असेल तर गरमीनेच मेली असणार. या सीलबंद बॅटऱ्यांना २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं, त्यावर दर १० अंशाला आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. ३ ते ५ वर्षं चालावी ही अपेक्षा थंड, हवेशीर जागेतली आहे. दुसरं म्हणजे पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच महिनाभर पडू देऊ नका, आत सल्फेट जमून ती परत नीट चार्ज होत नाही, वापरायचा नसला तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावा.

दर दोन-तीन महिन्यांनी सगळं सेव्ह करून टेस्टही घ्या, फक्त प्लग उपटू नका, भिंतीवरचं बटन बंद करा म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. नवी बॅटरी तेवढ्याच व्होल्ट-एएचची आणि त्याच मापाची आणा, बदलताना यूपीएस बंद करून प्लग काढा. जुनी फुगलेली दिसली तर वाट न बघता बदला आणि कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि अॅसिड आहे, बॅटरीवाले ती परत घेतात.