बोटीवर चढण्याआधी पॉलिसी वाचा

ताई, पहिलीच क्रूझ ना? मग तिकीट काढलं की लगेच प्रवास विमा घ्या. आदल्या दिवशी घेतलात तर मधल्या काळात कुणी आजारी पडून सहल रद्द झाली, त्याचे पैसे बुडालेच समजा. बुकिंगच्या शेवटी टिक करायला लावतात तो विमा मात्र डोळे झाकून घेऊ नका.

आपली घरची मेडिक्लेम बहुधा भारताबाहेर चालत नाही. परदेशी बंदरं असतील तर पॉलिसीत आधी एकच गोष्ट शोधा: समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावरच्या इस्पितळात हलवण्याचा खर्च. खरा खड्डा तिथेच पडतो. बीपी, शुगर फॉर्मवर लिहाच. लपवलंत की क्लेम गेला.

बोटीवरच्या दवाखान्यात कॅशलेस सहसा नसतंच. आमच्या हिला उलट्या सुरू झाल्या, एक इंजेक्शन, थोडं सलाइन, आणि बिल थेट केबिनच्या खात्यावर, डॉलरमध्ये! मी बिल तेवढं जपून आणलं. विमा कंपनीने मागितला डॉक्टरांचा सहीशिक्क्याचा रिपोर्ट. तो मिळवायला वास्कोतल्या घरी बसून दोन महिने मेल करत होतो. तुम्ही उतरण्याआधीच मागून घ्या.

मुंबईहून चढणार असाल तर गोव्याच्या दाबोळी-मोपा विमानतळांवरून त्याच दिवशीचं विमान नको. बोट थांबत नाही, आणि उशिराची भरपाई पॉलिसीत लिहिलेले तास उलटल्यावरच मिळते. विमान लेट झालंच तर काउंटरवरून तसं लेखी घ्या. पॉलिसीचा नंबर मोबाइलमध्ये असतोच, पण कागदावरही ठेवा. भर समुद्रात रेंज कुठली!