विमान पत्र्याचं बरं की कार्बनचं?

प्रश्न : सर, आमच्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला एटीआर विमान जातंय, त्याच्या पंखात म्हणे प्लास्टिक आहे, मेव्हणा सांगत होता. मग पत्र्याचंच बरं ना, ठोकून सरळ तरी करता येतंय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मेव्हणे अर्धे बरोबर आहेत की वो! एटीआर ७२ च्या पंखाचा बाहेरचा भाग कार्बन फायबरचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थर प्लास्टिकसारख्या रेझिननं चिकटवून केलेला, बॉडी मात्र बहुतेक ॲल्युमिनियमचीच. बोइंग ७८७ तर वजनानं जवळपास ५० टक्के कंपोझिट, म्हणजे असल्याच मिश्र मटेरियलचं. हलकं, गंजत नाही.

पण विमानाचा पत्रा कुणी गॅरेजसारखा ठोकत बसत नाही, खराब भाग कापून वर पट्टी रिव्हेटनं बसवतात. कार्बनची खरी गोची वेगळीच, सामानाची गाडी धडकली तरी वरून काही दिसत नाही आणि आत थर सुटलेले असतात, म्हणून छोट्या हातोडीनं टकटक करून ऐकतात, बद्द आवाज आला की अल्ट्रासाउंड. मग तो भाग उतार देऊन घासायचा, नवे थर चिकटवायचे, व्हॅक्यूम बॅग लावून तासन्‌तास तापवायचं. खर्चिक आणि नखऱ्याचं काम, पण तरी मला कार्बनच आवडतं. हां, वीज पडली तर? त्यासाठी वरच्या थरात तांब्याची बारीक जाळी घालतात.